मैदानावर फक्की पडू दे: संस्थाचालकांना एका माजी विद्यार्थिनीचं खुलं पत्र

मा. अध्यक्ष, नियामक मंडळाचे सर्व सन्माननीय सदस्य आणि मा. प्राचार्य महोदय,

सप्रेम नमस्कार.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कॉलेजच्या सूचनाफलकावर चार ओळींचा एक कागद लागला. यंदापासून विद्यापीठाच्या फुटबॉल स्पर्धांना कॉलेजचा संघ पाठवला जाणार नाही आणि मागच्या मैदानावर स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रमांची इमारत व वाहनतळ होईल, एवढंच त्यात होतं. खाली सही, शिक्का. त्या कागदाचा फोटो काढून मला एका खेळाडूने पाठवला. फोटोखाली त्याने दोनच शब्द लिहिले होते, ‘काकू, आता?’

त्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही. आपल्या कार्यालयात दोन पत्रं स्वतः नेऊन दिली, पोच घेतली, सहा आठवडे वाट पाहिली. एकाही पत्राचं उत्तर आलं नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे. कॉलेजचं नाव मात्र घालत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, आणि माझ्या कॉलेजचं नाव तक्रारीखाली छापलेलं मला बघवणार नाही.

मी १९८४ साली बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आले. माहेर मंगळवार पेठेत. कोल्हापूरकराला फुटबॉल समजावून सांगावा लागत नाही, पण हे पत्र बाहेरगावचे लोकही वाचतील, त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमच्याकडे ज्या तालमींत कुस्ती घडली, त्याच तालमींच्या नावाने फुटबॉलचे संघ उभे राहिले. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. के.एस.ए.ची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, लीग सुरू झाली की दुपारी पेठाच्या पेठा शाहू स्टेडियमकडे लोटतात. आमचे वडील पाटाकडीलचे. मॅच हरली की त्या रात्री घरात ताट वाजल्याचाही आवाज होत नसे.

पण मी मुलगी. वडिलांनी धाकट्या भावाला खांद्यावर बसवून स्टेडियमवर नेलं, मला कधी नेलं नाही. त्यांचा दोष नाही, तेव्हा आमच्या गल्लीतली कुठलीच मुलगी जात नसे. मॅच मला भावाच्या तोंडून कळायची, तीही त्याने मारलेल्या थापांसकट. फुटबॉल मी पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला तो आपल्या कॉलेजच्या मैदानावर.

तिथेही पहिल्या आठवड्यात आम्ही चौघी मैत्रिणी लायब्ररीच्या व्हरांड्यातूनच बघत होतो. चिंचेखालच्या दगडी पायऱ्या मुलांच्या, असा अलिखित नियम होता. एक दिवस जिमखान्याचे सर व्हरांड्यात आले आणि म्हणाले, ‘पायऱ्या कॉलेजच्या आहेत, कुणाच्या वडिलांच्या नाहीत. चला, खाली बसा.’ आम्ही बसलो. मुलं जरा सरकली. मी त्या दिवशी जी बसले ती आजवर उठलेली नाही.

सरांच्या हाताखाली एक शिपाई मामा होते. मोसमाच्या सुरुवातीला मैदान आखणं हे त्यांचं काम. डालड्याच्या रिकाम्या डब्याला तळाशी खिळ्याने भोकं पाडलेली, त्यात पांढरी फक्की, आणि सोबत एक सुती दोरी. त्या दोरीला चार गाठी होत्या: सहा वार, दहा वार, बारा वार, अठरा वार. सहा वारांची गाठ गोलसमोरच्या लहान चौकोनाला, बाराची पेनल्टीच्या ठिपक्याला, अठराची मोठ्या डीला. दहा वारांची गाठ मधल्या वर्तुळासाठी. मैदानाच्या मध्यावर खुंटी रोवायची, एकाने ती घट्ट धरायची आणि दुसऱ्याने दोरी ताणून डबा हलवत गोल फिरायचं. १९८५ च्या ऑगस्टमध्ये खुंटी धरायला मामांना कोणी मिळेना, तेव्हा मी धरली. पावसाने माती इतकी मऊ झाली होती की खुंटी हलायची, मामा ओरडायचे, ‘पोरी, तू हललीस तर वर्तुळाचं अंडं होतंय बघ!’ तेव्हापासून दरवर्षी मोसमाच्या पहिल्या आखणीला मी खुंटी धरत आले आहे. लग्न झालं त्या वर्षीही. मुलगा तीन महिन्यांचा होता त्या वर्षी सासूबाई त्याला घेऊन पायऱ्यांवर बसल्या आणि मी मैदानात होते. मामा निवृत्त झाले तेव्हा दोरी माझ्या हातात देऊन गेले. ती माझ्या घरी, कपाटात आहे.

आता १९८५ च्याच सप्टेंबरातली एक मॅच सांगते, कारण आपण बंद करायला निघालात ते नेमकं काय आहे, हे मला तिच्यावरूनच सांगता येतं.

तेव्हा सोलापूरही शिवाजी विद्यापीठातच होतं, सोलापूर विद्यापीठ २००४ साली वेगळं झालं. आंतरविभागीय सामना होता, समोर सोलापूरचा संघ, मैदान आपलं. सकाळपासून झड लागलेली. चामड्याचा बॉल पाणी पिऊन असा जड झाला होता की हेडर मारणारा कपाळ धरून खाली बसायचा. आपल्या संघात राइट हाफला शिवाजी पेठेतला एक मुलगा होता आणि सेंटर फॉरवर्डला माझ्या पेठेतला. त्या वर्षीच्या लीगमध्ये दोघांच्या तालमींची जोरदार वादावादी झालेली. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. सरावातही एकमेकाला पास देत नसत, सगळ्या मैदानाला ते दिसायचं. सरांनी रागावून पाहिलं, समजावून पाहिलं, उपयोग झाला नाही.

दुसऱ्या हाफची शेवटची दहा मिनिटं. अजून एकही गोल नाही, कोरी पाटी. शिवाजी पेठेच्या मुलाने उजवीकडून बॉल काढला, समोर एकच माणूस मोकळा आणि तो नेमका आमचा सेंटर फॉरवर्ड. त्याने एकदा मान वर करून पाहिलं. पायऱ्यांवर आमचा सगळ्यांचा श्वास अडकला. आणि त्याने बॉल दिला. चिखलातून सरपटत, अगदी पायात. गोल झाला. सेंटर फॉरवर्ड गोलकडे पाठ करून सरळ धावत मागे आला आणि पास देणाऱ्याच्या गळ्यात पडला. दोघंही चिखलात. पायऱ्यांवर दोन्ही पेठांची पोरं होती, ती एकमेकांच्या अंगावर पडून नाचली. मी रडले. का रडले ते मला त्या दिवशी कळलं नव्हतं.

पेठेचा संघ माणसाला जन्माने मिळतो. कॉलेजचा संघ प्रवेशाने मिळतो. या शहरात कॉलेजची जर्सी ही एकच अशी जर्सी आहे जी शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ एकाच वेळी घालू शकतात. आणि ज्याला पेठच नाही, जो राधानगरीहून किंवा भुदरगडहून एस.टी.ने येतो आणि कॉट बेसिसवर खोली घेऊन राहतो, त्याला तर या शहरात खेळायला दुसरा संघच नाही. माझं स्वतःचं सासर पुढे शिवाजी पेठेत झालं. लीगच्या दिवसांत मी दोन घरांच्या मध्ये उभी असते. कॉलेजची मॅच असली की माझे भाऊ आणि माझे दीर एकाच पायरीवर बसतात.

हे भावनेच्या भरात लिहिलेलं वाटेल, म्हणून कागद दाखवते. मी पस्तीस वर्षं सहकारी बँकेत नोकरी केली, मला नोंद ठेवायची सवय आहे. १९८४ पासून आपल्या संघाच्या मी पाहिलेल्या प्रत्येक सामन्याची नोंद माझ्याकडे आहे, लाल कापडी बांधणीच्या दोन चोपड्यांत. तारीख, मैदान, प्रतिस्पर्धी, गोल, कोणी मारला. आणि अकरा नावांसमोर एक रकाना गावाचा. एक पान सहज उघडते: गारगोटी, शिवाजी पेठ, मलकापूर, मंगळवार पेठ, कागल, जुना बुधवार, गडहिंग्लज, गडहिंग्लज, शाहूवाडी, शिवाजी पेठ, कसबा बावडा. गडहिंग्लजचे दोन असणारच, त्या गावालाही फुटबॉलचं आपल्याइतकंच वेड आहे. ही अकरा माणसं एरवी कुठे एकत्र आली असती? हा रकाना आपण एकदा वाचावा. चोपड्या मी कार्यालयात आणून दाखवायला तयार आहे.

आता निर्णयाबद्दल.

पहिली गोष्ट, हा निर्णय मे महिन्यात झाला. कॉलेजला सुट्टी, मुलं गावी, जिमखाना समितीची बैठक नाही, माजी विद्यार्थी संघाला पत्र नाही. अकरावीपासून या मैदानावर खेळत आलेल्या मुलांना सूचनाफलकावरून कळलं की ते आता खेळाडू नाहीत. संस्था आपली आहे, निर्णयाचा अधिकार आपला आहे, तो मी नाकारत नाही. पण घरातली जुनी कपाटं काढायची तरी आपण घरच्यांना विचारतो.

दुसरी गोष्ट पैशांची. खर्च परवडत नाही, असं मला तोंडी सांगण्यात आलं. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे ताळेबंद तपासले आहेत. फुटबॉलइतके स्वस्त खेळ जिमखान्यात थोडेच. बॉल, जर्सी, नेट, प्रवेश फी, प्रवासखर्च, बस्स. त्यातली गोलची नेट गेली दोन वर्षं आम्ही माजी विद्यार्थ्यांनी दिली. जर्सी १९९२ च्या बॅचने दिल्या. बॉल फाटला तर मुलं स्वतः शिवून आणतात. उलट जिमखाना फी कॉलेजातल्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून घेतली जाते, जो आयुष्यात मैदानावर पाऊल ठेवत नाही त्याच्याकडूनही. ती किती जमा होते आणि कशावर खर्च होते, हे विचारायचा हक्क त्या मुलांना आहे. मी विचारलं, तर माहिती उपलब्ध नाही असं उत्तर मिळालं. बँकेत आमच्याकडे असं उत्तर कोणी दिलं असतं तर त्याला संध्याकाळी घरी जाऊ दिलं नसतं.

पदकं येत नाहीत, हेही एक कारण दिलं गेलं. आमचे शारीरिक शिक्षण संचालक निवृत्त झाल्यापासून ते पद भरलेलं नाही. तासिका तत्त्वावर एक तरुण शिक्षक येतात. मनापासून काम करतात, पण त्यांना एकट्याने कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळं बघायचं असतं आणि पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे त्यांना माहीत नसतं. शेताला पाणी द्यायचं नाही आणि पीक आलं नाही म्हणून शेत विकायला काढायचं, असं झालं हे. तरीही गेल्या वर्षी मुलांनी विभागीय उपांत्य फेरी गाठली आणि टायब्रेकरवर हरली. पाचवी किक ज्याची चुकली तो मुलगा पहाटे चारला उठून गंगावेशीत म्हशी घेऊन जातो, गिऱ्हाइकासमोर दूध काढून देतो आणि सहाला मैदानावर असतो. मॅचनंतर तो पायऱ्यांवर माझ्याशेजारी तासभर बसून होता. एक शब्द बोलला नाही. जाताना म्हणाला, ‘पुढच्या वर्षी बघा काकू.’ पुढचं वर्ष म्हणजे हे वर्ष. मला फोटो पाठवणारा मुलगा तोच.

नोकरीचाही प्रश्न आहे, तो लहान नाही. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. कॉलेजच्या संघातून विद्यापीठाच्या संघात, तिथून आंतरविद्यापीठ स्पर्धेत, अशी ती पायऱ्यांची वाट असते. पहिली पायरीच काढून टाकली तर वरच्या पायऱ्या मुलांनी कशा गाठायच्या? माझ्या चोपडीतले कितीतरी जण आज पोलिसात आहेत, रेल्वेत आहेत, शाळांमध्ये क्रीडाशिक्षक आहेत. त्यांच्या घरी पहिला पगार याच वाटेने आला.

शिस्तीच्या मुद्द्यावर मला प्रामाणिक राहायचं आहे. पेठांच्या फुटबॉलमध्ये भांडणं होतात, स्पर्धा थांबवायची वेळ येते, हे खरं आहे आणि त्याचं मला वाईट वाटतं. आपल्या मैदानावर चाळीस वर्षांत असं एकदा झालं. १९९८ साली रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेची तीन तावदानं फुटली. दुसऱ्या दिवशी संघाच्या कप्तानाने स्वतः काच बसवणाऱ्याला आणलं, पैसे मुलांनी वर्गणी काढून भरले. मी तेव्हाही म्हणाले होते आणि आजही म्हणते, की ज्यांनी मारामारी केली त्यांना वर्षभर बाहेर बसवा, मी आपल्या बाजूने उभी राहीन. पण एका तावदानासाठी घर पाडत नाहीत.

आणि मैदान. संगणकाचे, व्यवस्थापनाचे नवे अभ्यासक्रम यावेत, गावाकडच्या मुलांना पुण्याला जावं लागू नये, हे मलाही हवं आहे. इमारतीला माझा विरोध नाही. पण जुन्या सायकल स्टँडची जागा आणि त्यामागची पडीक जागा मोकळी आहे. तिथे आज भंगार बेंच आणि गाजरगवत आहे. ती जागा आधी मोजली का? मोजली असेल तर मोजमाप आम्हाला दाखवा. वाहनतळाचं म्हणाल तर तो होऊन चुकला आहे. उत्तरेकडच्या कॉर्नर फ्लॅगच्या जागी गेली तीन वर्षं दुचाकी लागतात. कॉर्नर मारणारा मुलगा दोन मोपेडच्या मधून धावत येतो.

मुलं दुसरीकडे सराव करू शकतील, असं आपल्यापैकी एका सदस्यांनी मला सुचवलं. कुठे? शाहू स्टेडियमवर लीगचे आणि स्पर्धांचे सामने असतात. गांधी मैदानात पावसाळ्यात पाणी साठतं, हे या शहरातलं शेंबडं पोरही सांगेल, आणि कॉलेजचा मोसम नेमका पावसाळ्यातच सुरू होतो. ज्यांनी हे सुचवलं त्यांनी जुलैत एकदा माझ्याबरोबर गांधी मैदानात यावं.

सगळ्यात जास्त टोचलं ते मात्र वेगळंच. त्या चार ओळींत मुलींच्या संघाचा उल्लेखच नाही. बंद केला असंही लिहिलेलं नाही. बंद करण्याइतकी तरी आपण त्यांची दखल घ्यायला हवी होती.

आम्ही चौघी पायऱ्यांवर बसलो त्याच्या आदल्याच वर्षी, १९८३ साली, भारताच्या महिला संघाने आशियाई स्पर्धेची अंतिम फेरी गाठली होती. आम्हाला हे कोणी सांगितलं नाही. मला ते कित्येक वर्षांनी वाचताना कळलं आणि मी पुस्तक मिटून बसून राहिले. तेव्हा कळलं असतं तर आमच्यापैकी एखादी तरी मैदानात उतरली असती. त्यानंतर तब्बल एक पिढी गेली. आपल्या कॉलेजात मुलींचा संघ झाला २०११ साली, तोही सात मुलींनी सरांच्या मागे लागून केला. पहिल्या सामन्याला अकरा भरेनात, तेव्हा व्हॉलीबॉलच्या दोघी आणि अॅथलेटिक्सच्या दोघी घेतल्या. ८-० हरलो. ती नोंद मी चोपडीत लाल शाईने केली आहे आणि खाली सगळ्या अकरा जणींची नावं, गावासकट. चंदगडची एक होती. तिचे वडील सामना बघायला आले होते, पांढरी टोपी घालून, आणि गोल खाल्ला की तेच सगळ्यांना धीर देत होते.

आज त्या संघात अठरा मुली आहेत. त्यांना कपडे बदलायला खोली नाही. त्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, दाराला बाहेरून मैत्रीण उभी करून बदलतात. एकदा प्रयोगशाळेला कुलूप होतं म्हणून त्या जर्सीवर सलवार-कमीज घालूनच बसने आल्या होत्या. याबद्दल २०१६ पासून तीन अर्ज झाले. आणि याच काळात याच शहराचं नाव घेऊन एफसी कोल्हापूर सिटी हा मुलींचा संघ देशाच्या महिला लीगमध्ये खेळून आला. १७ वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक २०२२ साली भारतात झाला, त्यातले सामने भुवनेश्वरला, गोव्यात आणि नवी मुंबईत झाले. आपल्या मुलींनी वर्गणी काढली आणि नवी मुंबईला जाऊन एक सामना बघून आल्या. परत आल्यावर पंधरा दिवस त्या मैदानावरून हलत नव्हत्या.

त्याआधी २०१७ साली मुलांच्या विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताच्या संघातून खेळला, तेव्हा आपल्या प्रवेशद्वारावर अभिनंदनाचा मोठा फलक लागला होता. मला आनंद झाला होता. अनिकेत आपल्या कॉलेजचा नव्हता, तरी शहराचा म्हणून फलक लावलात, योग्यच केलंत. मग आपल्याच कॉलेजातल्या मुलामुलींसाठी आखलेलं मैदान ठेवायला काय हरकत आहे?

आपल्या प्रत्येक कार्यक्रमात व्यासपीठावर राजर्षी शाहू महाराजांची प्रतिमा असते. महाराजांनी बाहेरगावच्या, सगळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहं काढली आणि त्यांनीच खासबागेचं कुस्ती मैदानही बांधलं. शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसावी अशी त्याची रचना आहे. वसतिगृह आणि मैदान यांत त्यांना निवड करावी लागली नाही. आपल्यालाही करावी लागू नये.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

एक, विभागीय स्पर्धेच्या प्रवेशिकांची मुदत संपायच्या आत मुलांच्या आणि मुलींच्या, दोन्ही संघांची नावं विद्यापीठाकडे पाठवा. बाकी सगळ्याची चर्चा नंतर करू, पण हे वर्ष मुलांचं बुडवू नका. तिसऱ्या वर्षाच्या मुलाला पुढचं वर्ष नसतं.

दोन, मैदानावर खोदकाम सुरू करण्याआधी एक बैठक घ्या. नियामक मंडळ, प्राचार्य, जिमखाना समिती, दोन्ही संघांचे कप्तान आणि माजी विद्यार्थी. सायकल स्टँडच्या जागेचा नकाशा टेबलावर ठेवा.

तीन, गेल्या पाच वर्षांची जिमखाना फीची जमा आणि खर्च सूचनाफलकावर लावा. ज्या फलकावर तो कागद लावलात, तिथेच.

चार, शारीरिक शिक्षण संचालकाचं पद भरण्यासाठी शासनाकडे काय पाठपुरावा केला ते सांगा. पद भरलं जाईपर्यंत आठवड्यातून तीन दिवस प्रशिक्षक देण्याची तयारी आमच्या माजी खेळाडूंनी लेखी दिली आहे. मानधन नको म्हणतात. त्यांना फक्त मैदानाच्या फाटकाची किल्ली हवी आहे.

पाच, मुलींना कपडे बदलायला एक खोली, आतून कडी लागणारी. यासाठी इमारत लागत नाही. जिमखान्याच्या मागची भंगाराची खोली रिकामी केली तरी होईल. रंग आणि कडीचा खर्च मी करीन.

आणि कॉर्नर फ्लॅगजवळच्या दुचाकी उद्यापासून हलवा. याला बैठक लागत नाही.

माजी विद्यार्थी म्हणून आमच्याकडून काय हवं ते मोकळेपणाने सांगा. नेट, बॉल, जर्सी, मैदानावर मुरूम, पावसाळ्यात पाणी जायला चर, हे आम्ही करू. पाच जिल्ह्यांत आणि परदेशातही आपले जुने खेळाडू आहेत. ही बातमी कळल्यापासून त्यांचे फोन थांबलेले नाहीत. १९८५ च्या त्या सामन्यातले दोघंही हयात आहेत. शिवाजी पेठेतला मुलगा आता आजोबा झाला आहे. परवा तो आणि आमचा सेंटर फॉरवर्ड एकाच स्कूटरवरून माझ्याकडे आले आणि दोघांनी या पत्राखाली सही करतो म्हणून सांगितलं. मी त्यांना थांबवलं. आधी मला माझ्या एकटीच्या नावावर बोलू द्या, म्हटलं.

दरवर्षी ऑगस्टच्या पहिल्या रविवारी आपल्या मैदानाची आखणी होते. यंदाही त्या दिवशी सकाळी सहा वाजता मी फाटकाशी येईन. सोबत दोन्ही संघांची मुलं असतील, एक पोतं फक्की असेल आणि चार गाठींची ती दोरी. घोषणा होणार नाहीत, गोंधळ होणार नाही. फाटक उघडायचं की नाही ते आपण ठरवा. उघडलंत तर आपल्यापैकी कोणीतरी आत या. खुंटी धरायला माणूस लागतो, आणि माझे गुडघे आता पूर्वीसारखे चिखलात टेकत नाहीत.

आपली नम्र,
बी.कॉम., १९८७ च्या बॅचची एक माजी विद्यार्थिनी
कोल्हापूर